युद्धावरून परतलेले मन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

युद्धाचा सैनिकाच्या मनावर होणारा परिणाम आणि त्याचे पुन्हा नागरी जीवनात येणे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर गाळला असून लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझ्या पतींनी सैन्यातून निवृत्ती घेतली त्याला दीड वर्ष झाले. शेवटची काही वर्षे ते प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात होते. आता घरात ते दाराकडे पाठ करून कधीही बसत नाहीत, रात्री उठून कुलपे पुन्हा पुन्हा तपासतात, स्वयंपाकघरात भांडे पडले तरी ताडकन उठून उभे राहतात. मुलांवर इतके खेकसतात की मुले त्यांच्याजवळ जायला कचरतात. पूर्वी ते असे नव्हते. माणसाचा स्वभावच बदलतो का? मी काय करावे?

उत्तर : तुम्ही जे वर्णन केले आहे, त्याला स्वभाव म्हणण्यापेक्षा शरीराला लागलेले वळण म्हणणे अधिक योग्य होईल. रस्त्याच्या कडेला पडलेल्या पोत्यात स्फोटके असू शकतात अशा ठिकाणी, आवाज होताच विचार न करता जमिनीवर झोकून देणारा सैनिक वाचतो. आवाज कसला असेल याचा विचार करत उभा राहिलेला वाचेलच असे नाही. असे दिवस बराच काळ काढले की मेंदूतील धोका हेरणारी यंत्रणा विचार करणाऱ्या भागासाठी थांबेनाशी होते आणि थेट शरीराला हुकूम सोडते. हृदयाची धडधड वाढते, स्नायू ताठरतात, झोप उथळ होते. आपण घरी आलो आहोत हे तुमच्या पतींना पूर्णपणे ठाऊक असते, म्हणूनच "इथे घाबरण्यासारखे काय आहे?" या प्रश्नाने त्यांना दिलासा मिळत नाही, उलट ओशाळल्यासारखे होते.

रागाचेही तसेच आहे. लढाईत दुःख करत बसायला वेळ नसतो आणि भीतीने गोठून चालत नाही. राग मात्र माणसाला हालता ठेवतो, त्यामुळे इतर भावना दाबून तेवढीच एक हाताशी ठेवण्याची सवय लागते. शिवाय तिथे एखादी वस्तू जागेवर नसणे जिवावर बेतू शकते. मुलाने दप्तर वाटेत टाकले म्हणून होणारा रागाचा स्फोट आपल्याला अवाजवी वाटतो, पण त्याचे मूळ तिथे असते. हे समजून घेतल्याने मुलांना होणारा त्रास कमी होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

बहुतेक सैनिकांची ही सावधता परतल्यानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. नकोशा आठवणी आणि दुःस्वप्ने, त्या आठवणी जाग्या करणाऱ्या गोष्टी टाळणे, मन बधिर होणे किंवा स्वतःबद्दल आणि जगाबद्दल सतत वाईट विचार येणे, आणि सदैव सावध राहणे, ही चारही प्रकारची लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर तज्ज्ञ आघातोत्तर ताणविकार, म्हणजे सर्रास ज्याला पीटीएसडी म्हटले जाते तो विकार, असल्याचे निदान करतात. तुमच्या पतींच्या बाबतीत दीड वर्ष उलटले आहे. "आपोआप बरे होईल" असे म्हणत आणखी थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याच भेटीत, स्फोटाच्या जवळ असताना त्यांच्या डोक्याला मार बसला होता का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण मेंदूच्या इजेमुळेही चिडचिड, निद्रानाश आणि विसराळूपणा येतो आणि तिचे उपचार वेगळे असतात.

तोपर्यंत घरात काही गोष्टी करता येतील. ते झोपेत तडफडत असतील तर अंगाला हात लावून हलवू नका. थोडे दूर, पायथ्याशी उभे राहून त्यांचे नाव घ्या आणि ते कुठे आहेत हे शांतपणे सांगा. पाहुणे येणार असतील, कुठे मोठा आवाज होणार असेल, तर आधी कल्पना द्या. राग चढू लागला की त्यांनी खोलीबाहेर जायचे, कोणी मागे जायचे नाही, आणि शांत झाल्यावर त्यांनीच परत यायचे, असे शांत वेळी ठरवून ठेवा.

मात्र एका बाबतीत मी तुम्हाला सावध करीन. प्रेमापोटी घरातली माणसे हळूहळू सगळे घर त्या टाळाटाळीला जुळवून घेतात: गर्दीत जाणे बंद होते, मुलांच्या मित्रांचे येणे थांबते, सगळी बाहेरची कामे पत्नी एकटी करू लागते. त्या दिवसापुरते घर शांत राहते, पण गर्दीत जाऊनही काही वाईट घडत नाही हे शरीराला कळण्याची संधीच उरत नाही आणि विकार मुरत जातो. थोडे थोडे, त्यांच्या संमतीने, बाहेर पडत राहा.

प्रश्न : माझे आजोबा महायुद्धात लढले आणि परत येऊन मुकाट्याने शेतीला लागले. त्या पिढीत हे विकार ऐकिवात नव्हते. आजच्या पिढीचे मन नाजूक झाले आहे, असे का म्हणू नये?

उत्तर : ऐकिवात नसणे आणि नसणे यांत फरक आहे. इ. स. पूर्व ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईत एपिझेलस नावाच्या अथेन्सच्या योद्ध्याची दृष्टी गेल्याची नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केली आहे. त्याला कुठेही वार लागला नव्हता. ढालीवर जिची सावली पडेल एवढी दाढी असलेला एक धिप्पाड योद्धा आपल्या अंगावरून पुढे गेला आणि त्याने शेजारच्या माणसाला मारले, एवढेच तो सांगत असे. त्याची दृष्टी पुन्हा कधीच आली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, डॉ. दा कोस्टा यांनी सुमारे ३०० सैनिकांच्या तक्रारींवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. छातीत धडधड, धाप आणि थकवा या त्या तक्रारी होत्या. त्यांनी दोष मनात नव्हे, हृदयात शोधला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय लेखात वापरली आणि तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते, असा समज रूढ झाला. पण तोफगोळ्यांपासून दूर असलेल्या सैनिकांनाही थरकाप, मुकेपणा आणि अंगातले बळ जाणे हेच त्रास होताना दिसले, तेव्हा तो समज डळमळला. त्याच युद्धात ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील ३०६ सैनिकांना पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतील काही मनाने खचलेले होते, असे आज मानले जाते, आणि २००६ मध्ये ब्रिटनने त्या सर्वांना कायद्याने माफी दिली. जिथे खचणे हा गुन्हा ठरतो, तिथे माणूस बोलणार नाही. तुमच्या आजोबांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही; परंतु मुकाट्याने कामाला लागणे हा निरोगीपणाचा पुरावा मानता येत नाही.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी आग्रह धरल्यावर अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये पीटीएसडीचा आपल्या अधिकृत यादीत समावेश केला. १९८८ च्या मोठ्या पाहणीत व्हिएतनाममध्ये लढलेल्या सुमारे ३१ टक्के पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झाल्याचा अंदाज निघाला. २००६ मध्ये त्याच माहितीची अधिक काटेकोर छाननी झाली, तेव्हा तो १९ टक्क्यांच्या आसपास आला. कमी आकडा धरला तरी तो दर पाच सैनिकांमागे जवळजवळ एक इतका मोठा आहे.

प्रश्न : मी माजी सैनिक आहे. मला दुःस्वप्ने पडत नाहीत, आवाजाची भीती वाटत नाही. एका तपासणी नाक्यावर एक गाडी इशारा देऊनही थांबली नाही. नियमाप्रमाणे मी गोळी झाडली. गाडीत एक कुटुंब होते. चौकशीत मला निर्दोष ठरवले. घरचे, मित्र, अधिकारी, सगळे म्हणतात, "तू कर्तव्य केलेस." हे वाक्य ऐकले की मला उठून निघून जावेसे वाटते. माझा हा आजार आहे का?

उत्तर : आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपल्याला होणाऱ्या यातनेचे मूळ भीतीत नाही, म्हणून भीतीवरचे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत. स्वतःच्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच नीतीला धक्का देणारे काही घडले की जी जखम होते, तिला अभ्यासक नैतिक इजा म्हणतात. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना मांडली. वरिष्ठांनी केलेला विश्वासघात हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढे मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सैनिकाच्या स्वतःच्या कृतीचाही तीत विचार केला. हे निदान नव्हे, पण ही अवस्था खरी आहे.

"तू कर्तव्य केलेस" हे वाक्य आपल्याला का बोचते, याचा मी बराच विचार केला. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या वाक्याने विषय संपतो. गाडीतील माणसे त्यात कुठेच येत नाहीत. आपल्या मनाला मात्र त्यांची दखल घ्यायची आहे. ती घेतली जात नाही, तोवर कोणतीही निर्दोषता पोकळ वाटणार. आपण अस्वस्थ आहात, कारण आपली सदसद्विवेकबुद्धी शाबूत आहे, आणि तिला बधिर करून मिळणारी शांतता आपल्यालाही नको असेल.

या प्रकारच्या उपचारात "तुमचा दोष नव्हता" असे पटवण्याची घाई केली जात नाही. आधी तो प्रसंग सावकाश, क्षणाक्षणाने मांडला जातो: अंतर किती होते, उजेड कसा होता, गाडीचा वेग, इशारा कोणत्या भाषेत दिला गेला, आधीच्या आठवड्यात त्या नाक्यावर काय घडले होते. आपल्याला आज ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे आत कुटुंब होते हे, त्या क्षणी ठाऊक नव्हती. पण अपराधीपणाने ग्रासलेले मन आजचे ज्ञान त्या क्षणाला बहाल करते आणि मग स्वतःला दोषी ठरवते. त्यानंतर जबाबदारीची वाटणी केली जाते: नियम करणारे, नाक्याची जागा निवडणारे, चालक, आणि आपण. बहुतेक जण या वाटणीत स्वतःकडे शून्य ठेवत नाहीत, आणि ठेवू नये. जेवढा वाटा प्रामाणिकपणे आपला ठरतो, तेवढ्याबद्दल शोक करता येतो आणि काही भरपाईही करता येते. काही उपचारपद्धतींत मृत व्यक्तीशी, किंवा आपल्याला ज्यांचा आदर वाटतो अशा व्यक्तीशी, कल्पनेत मोठ्याने बोलायला सांगतात. सुरुवातीला ते अवघड जाते, पण मनात कोंडलेले वाक्य अनेकदा तिथेच पहिल्यांदा तोंडून निघते.

अशा अपराधीपणाबरोबर "मला जगण्याचा हक्क नाही" हा विचार येणे दुर्मीळ नाही. तो आपल्याला येत असेल तर आजच एखाद्या विश्वासू माणसाला सांगा, तातडीने मानसोपचारतज्ज्ञांची किंवा आपत्कालीन सेवेची मदत घ्या, आणि घरात शस्त्र असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

प्रश्न : माझा मोठा भाऊ युद्धावरून सुखरूप परतला. घरी सगळे ठीक असूनही तो म्हणतो, "तिथेच बरे होते." दुसरीकडे, उपचाराचा विषय काढला की म्हणतो, बोलून काय होणार? याचा अर्थ काय लावावा?

उत्तर : त्याला युद्ध आवडत होते, असा अर्थ लावू नका. तिथे त्याचा जीव शेजारच्या माणसाच्या हातात होता आणि शेजारच्याचा त्याच्या. एवढा विश्वास नागरी जीवनात क्वचितच वाट्याला येतो. सकाळी उठून काय करायचे आणि ते का करायचे, हे तिथे ठरलेले असते. इथे तो कचेरीत जातो, जागांवरून आणि रजांवरून चाललेले वाद ऐकतो, आणि त्याला ते पोरकट वाटतात. आपल्याला हे क्षुल्लक वाटते याचीच मग त्याला लाज वाटू लागते. परतण्याची पद्धतही महत्त्वाची असते. व्हिएतनामहून अनेक सैनिक एकेकटे, विमानाने, एक-दोन दिवसांत घरी पोचत. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पुष्कळ ब्रिटिश सैनिक मात्र आपल्या तुकडीसोबत जहाजाने परतले, आणि प्रवासाच्या त्या आठवड्यांत आपसांत बोलायला त्यांना सवड मिळाली. अशा प्रवासाने त्रास टळतोच असे नाही, तरी आज अनेक सैन्यदले घरी पाठवण्याआधी सैनिकांना काही दिवस एकत्र थांबवतात, त्यामागे हाच विचार आहे. भावाला जुन्या साथीदारांना नियमित भेटू द्या आणि जबाबदारीचे, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडणारे काम शोधायला मदत करा.

बोलून काय होणार, ही त्याची शंका अर्धी बरोबर आहे. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळे बोलायला लावण्याचा उपयोग होत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. शिस्तबद्ध उपचारांचा मात्र होतो. टाळलेल्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या उपचाराला साधारण ८ ते १५ बैठका लागतात, घटनेतून घट्ट झालेले विचार तपासण्याच्या उपचाराला सुमारे १२. सर्ट्रालिनसारखी काही औषधेही अनेकांना उपयोगी पडतात. झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या यांपासून त्याला दूर ठेवा. पहिल्या काही बैठकांत त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि पुष्कळ जण तिथेच उपचार सोडतात. हे त्याला आधीच सांगा.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही कोणाला मारले का?" ते उठून गेले. आता ती मला विचारते. काय सांगू?

उत्तर : खोटे सांगू नका आणि तपशीलही देऊ नका. "युद्धात फार वाईट गोष्टी घडतात, बाबांना त्या आठवल्या की त्रास होतो, म्हणून ते उठून गेले, तू विचारलेस म्हणून रागावले नाहीत," एवढे पुरे. शेवटचे वाक्य गाळू नका, कारण मोठी माणसे गप्प झाली की लहान मुले दोष स्वतःकडे घेतात. नंतर तिच्या वडिलांनीही हेच आपल्या शब्दांत तिला सांगावे. मोठी झाल्यावर ती पुन्हा विचारील, तेव्हा किती सांगायचे हे त्यांनी त्या वेळी ठरवावे.