आधी वही, मग कपाट

प्रश्न : सर, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचं संग्रहालय पाहून आलो आणि आपल्या गावातही तसं काही करावं, असं मनात घेतलं. वाचनालयाने एक खोली दिली आहे. लोक पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, सापडलेले मणी, खापरं, नाणी द्यायला तयार आहेत. काचेच्या कपाटांसाठी वर्गणी काढू का?
– एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : वर्गणी जरूर काढा, पण कपाटं मागाहून. आधी दोनशे पानी वही आणा. वस्तू कोणी आणली, कोणत्या शेतात, विहिरीच्या कोणत्या अंगाला, किती खोल मिळाली, हे त्याच्या समोरच लिहून घ्या. वहीतला आकडा चिठ्ठीवर घाला आणि चिठ्ठी वस्तूसोबत पिशवीत ठेवा.

हे इतकं कळकळीने सांगतो, कारण मी ते केलं नाही. पहिला पाऊस पडून गेला की माझे विद्यार्थी पांढरीवरून मणी वेचून आणत. लाल, काळे, एक तर आरपार दिसणारा. मी ते धुऊन एकाच बरणीत भरले. आज ती बरणी आहे, पण कोणता मणी कुठला, हे सांगता येत नाही.

तेरचंच पाहा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर सांगितलंय. तेच हे तेर. तिथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तेरची मूर्ती तेरची म्हणून ठाऊक आहे, म्हणून तर या दोन गावांचा धागा जुळवता येतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातच राहून संग्रहालयातलं हे सगळं जमवलं, त्यामुळे ते बाहेर पांगलं नाही.

नाणी चिंचेने घासू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. आणि वस्तू मिळावी म्हणून कुणाला खणायला लावू नका. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावकऱ्यांना हे आधीच सांगा.

वहीची पहिली पन्नास पानं भरली की मला कळवा. मी येईन, बरणीही घेऊन येईन. त्यातला एखादा मणी तरी ओळखणारं कुणी तुमच्याकडे भेटेल.