वाचक विचारतात : लढाईच्या काळातली गाणी

प्रश्न : आमच्या वाचनालयात २६ जानेवारीला युद्धकाळातील गाण्यांचा दीड तासाचा कार्यक्रम आहे. सगळी गाणी वीरश्रीचीच हवीत, असा काहींचा आग्रह. सैनिकांचे मनोबल अशाच गाण्यांनी टिकत असे ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. कूचगीत पावले जुळवते. रात्री छावणीत सैनिक आपणहून ऐकत ती गाणी घराची, ताटातुटीची. जर्मन गायिका लाले आंडरसनने १९३९ मध्ये गायलेले 'लिली मार्लीन' घ्या. छावणीच्या फाटकापाशी दिव्याखाली भेटणाऱ्या प्रेयसीची ती आठवण. १९४१ पासून जर्मनांच्या ताब्यातले बेलग्रेड रेडिओ ते रोज रात्री दहाच्या सुमारास लावू लागले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दोन्हीकडचे सैनिक ते ऐकू लागले. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला ते मुळीच रुचले नाही. हळव्या गाण्यांनी सैनिक ढिले पडतील, ही धास्ती बीबीसीतही होती. तरी १९४४ मध्ये ब्रिटिश गायिका व्हेरा लिन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन तशीच गाणी गायली.

कारखान्यांचे गणित वेगळे. बीबीसीने जून १९४० मध्ये कामगारांसाठी सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास संगीत सुरू केले. संथ चाली वर्ज्य, कारण पेंग येते. आवाज एकसारखा, कारण हळुवार जागा यंत्रांच्या घरघरीत बुडतात. टाळ्यांचे एक गाजलेले अमेरिकी गाणे तर बंदच केले. कामगार हातातली अवजारे आपटून ठेका धरतील म्हणून.

आता आपल्याकडचे. 'ऐ मेरे वतन के लोगों' पहिल्यांदा गायले गेले २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत. चीनने युद्धबंदी जाहीर केली होती २१ नोव्हेंबर १९६२ ला. म्हणजे लढाई थांबून दोन महिने उलटले होते. प्रदीप यांचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल आणि आपल्या मंगेशीचे नाव लावणाऱ्या घराण्यातल्या लताबाईंचा गळा. ते ललकारत नाही, गेलेल्यांसाठी रडू देते. खचलेल्या देशाला त्या घडीला तेच हवे होते.

तेव्हा चौदा गाणी निवडा, वीरश्रीची चार पुरेत. तीही सलग लावू नका. लागोपाठच्या ललकाऱ्यांनी कान बधिर होतात. जुनी दहा इंची तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटे वाजते, म्हणजे गाण्यांना पाऊण तास लागेल. निवेदन दर गाण्यामागे दोन मिनिटांवर जाऊ देऊ नका. कार्यक्रम बहुधा तिथेच लांबतात.

प्रश्न : तारवटी (जहाजावर खलाशी असलेल्या) आजोबांच्या पेटीत 'व्ही-डिस्क' लिहिलेली बारा इंची तबकडी सापडली. घरच्या चावीच्या ग्रामोफोनवर लावू का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : कृपा करून लावू नका. अमेरिकी सैनिकांसाठी १९४३ ते १९४९ मध्ये काढलेल्या या तबकड्या विक्रीला नव्हत्या. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेत वादकांचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार होता. संघटनेने सैनिकांपुरती सूट दिली. साध्या तबकड्या लाखेच्या. युद्धात लाख दुर्मिळ झाली, शिवाय ती प्रवासात फुटते. म्हणून इथे व्हिनाइलसारखे प्लास्टिक वापरले. एका बाजूला सहा मिनिटांहून अधिक संगीत बसे.

ग्रामोफोनच्या जड पोलादी सुईने हे मऊ चर एकदा वाजवताच खरवडले जातील. मिनिटाला ७८ फेऱ्यांचा इलेक्ट्रिक टर्नटेबल आणि ७८च्या तबकड्यांची वेगळी सुई हवी. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांची) बारीक सुई चराच्या तळाशी घासते. पावसाळ्यातली बुरशी असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ फडक्याने चरांच्या दिशेने पुसा. लेबल कोरडे ठेवा. स्पिरिट नको, तबकडी लाखेची निघाली तर ती विरघळेल. नंतर उभी ठेवा, आडवी रास घालू नका.