मुलांच्या हाती गावाचा इतिहास

प्रश्न : चाळीसगाव तालुक्यातील आमच्या गावात मे महिन्यात पाचवी ते सातवीच्या पंचवीस-तीस मुलांसाठी स्थानिक इतिहासाचे पाच दिवसांचे शिबिर घेण्याचा आमचा विचार आहे. मुले सकाळी येतील आणि दुपारी घरी जातील. व्याख्यानांना ती कंटाळतात, म्हणून त्यांच्याकडून हाताने काय करून घ्यावे, हे सुचवावे.
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आरंभ आपल्याच तालुक्यातील पाटणे या गावापासून करावा. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे मणी सापडले आहेत. ही माहिती नुसती सांगितली तर मुले ती विसरतील. त्याऐवजी प्रत्येकाला नारळाच्या करवंटीचा एक तुकडा द्यावा, तो ओल्या दगडावर घासून गोल करायला सांगावा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली खिळा फिरवून त्याला भोक पाडू द्यावे. एका मण्याला सकाळ गेली तरी जाऊ द्यावी, कारण हातात लोखंड नसताना हे काम ज्यांनी केले, त्यांच्या चिकाटीचा अंदाज मुलांना त्या वेळातूनच येणार आहे.

दुसरा विषय त्याच पाटण्याचा शिलालेख. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद त्यात असून लेखात शके 1128 चा उल्लेख आहे. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ असे शब्द येतात. केणें म्हणजे विक्रीचा माल; त्यावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, असा आशय आहे. ही ओळ फळ्यावर लिहून मुलांना तिचा अर्थ लावू द्यावा, आणि मग गावच्या शाळेसाठी कोणी काय द्यावे, याचा स्वतःचा दानलेख ओल्या मातीच्या पाटीवर कोरायला लावावा. माझ्या मते संपूर्ण शिबिरातील हा सर्वांत मोलाचा उपक्रम ठरेल. प्रत्यक्ष शिलालेख दाखवायला नेलेत, तर अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी लावू देऊ नये.

गिरणाकाठच्या बहाळ येथे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची, वस्ती उजेडात आलेली आहे, त्यामुळे एक दिवस मातीच्या वळ्यांची भांडी करण्याला द्यावा; गावचे कुंभारदादा आनंदाने शिकवतील. मात्र जुन्या पांढरीवर, म्हणजे मोडलेल्या जुन्या वस्तीच्या जागेवर, गेल्यास मुलांनी तेथे उकरू नये, आणि दिसलेले खापर चित्र काढून जागच्या जागी ठेवावे.

आजीबाईंच्या आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या मुलांनी टिपताना त्या अहिराणीत असतील तर अहिराणीतच लिहाव्यात. शिक्षक त्या शुद्ध करण्याच्या भरात प्रमाण मराठीत आणतात, आणि मग त्या बाईचा आवाजच वहीतून निघून जातो.

वेळ सकाळी सात ते साडेदहा ठेवावी. आपल्याकडचा मे महिना पाहता बाहेरची भेट नऊच्या आत संपवावी आणि उरलेले काम सावलीत करावे.