“पेसमेकर परत मागवलाय म्हणं, मग माझं काय?”

लातूरला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडून एक काळजी वारंवार ऐकते. “अंगात बसवलेलं यंत्र कंपनीनं परत मागवलंय म्हणं. आता काढावं लागतंय का?” हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर असो, कृत्रिम गुडघा असो, नाहीतर खुबा. पेसमेकर बसवलेल्या, उदगीरकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरकाकांबद्दल सांगते. ओळख बदलली आहे.

मुलानं पुण्याहून बातमी पाठवली, तेव्हापासून काका डावा हात वर करीनात. रात्री बसूनच झोपत. शेताकडे फिरकणं बंद, दिवसभर मोबाइलवर तोच शोध.

“काका, बातमीत मॉडेल कोणतं आहे?”

“ते काय ध्यानात राहतंय? पेसमेकर म्हणून लिहिलंय की.”

“आणि तुमचं?”

“कार्ड हाय घरी. पेटीत.”

काकू म्हणाल्या, “मी काढू का म्हणलं, तर अंगावर आले ओ माझ्या!”

यंत्राचं मॉडेल आणि नंबर लिहिलेलं कार्ड पेटीत, आणि सगळं जग धुंडाळणारा माणूस घरातली पेटी उघडत नव्हता. पुढच्या भेटींत मी यंत्राचा विषय सोडला आणि या पेटीपाशीच थांबले.

“कार्ड पाहिलं तर काय होईल?”

“नंबर निघाला तर?”

“आणि नाही निघाला तर?”

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “मग एवढे दिवस पोरांना उगंच घोर लावला म्हणायचं.”

इथं गाठ सुटली. मरणाच्या भीतीखाली लाज दडली होती, म्हणून दोन्ही उत्तरं नकोशी होती. माणसाला बातमीपेक्षा तिचा स्वतः लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानत आले आहे. काकूंनी तेवढ्यात सांगितलं, “पोरांना घोर आमचा नाही तर कुणाचा लागावा?” काका रडले. पुढच्या खेपेला कार्ड घेऊनच आले.

नंबर यादीत निघाला. डॉक्टरांनी मशीन लावून पेसमेकर तपासला, बॅटरी ठीक होती; तपासणी मात्र आता लवकर लवकर करायची ठरली. त्या रात्री काका आडवे झोपले. मला याचं मनापासून समाधान आहे.

कंपनीची सूचना आली म्हणजे यंत्र काढायचंच, असं नाही. 2017 मध्ये अ‍ॅबट कंपनीच्या अमेरिकेतल्या सुमारे 4,65,000 पेसमेकरांबाबत सुरक्षेची सूचना निघाली. उपाय होता सॉफ्टवेअर बदलण्याचा, दवाखान्यात साधारण तीन मिनिटांचा. सरसकट काढू नका, असंच सांगितलं गेलं. म्हणून कार्ड हातात घेऊन विचारा: माझा नंबर यात आहे का? दोष नेमका काय? मला काय करायचंय? कार्ड हरवलं असेल तर डिस्चार्जचे कागद शोधा, शस्त्रक्रिया केलेल्या दवाखान्यातून नोंद मागा. चक्कर, बेशुद्धी, दम लागणं असेल तर मात्र माझ्याकडे नको, थेट डॉक्टरांकडे जा.

आणि सूचना हलक्यातही घेऊ नका. डीप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा 2010 मध्ये जगभरातून परत मागवला, कारण धातूवर धातू घासून कण रक्तात उतरत होते. भारतात अशा सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यातल्या कित्येक रुग्णांचा पुढे पत्ताच लागला नाही. त्यामुळे फोन नंबर किंवा गाव बदललं तर दवाखान्यात कळवा. यंत्राचा त्रास झाला तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. काकांनी कार्डाचा फोटो तिन्ही मुलांच्या मोबाइलवर पाठवून ठेवला आहे.