‘सेव्हन डेडली सिन्स’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतली जादूगारीण मर्लिन माणूस आहे की राक्षस?

माणूस. एवढ्यावरच उत्तर संपलं असतं, पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘तीन हजार वर्षं जगणारी इतकी ताकदवान बाई माणूस कशी असेल?’ आमचा आत्येभाऊ अगदी हेच म्हणतो, म्हणून जरा लांबतंय. पुढे कथा फुटेल.

ती बेलिअलुइनची, जादूगारांच्या शहरातली. राक्षसराजाला ती हवी होती आणि सर्वोच्च देवीलाही. पोरीनं दोघांकडून वरदानं उकळली आणि कुणाच्याच हाती लागली नाही. चिडून त्यांनी शहर बेचिराख केलं. ही त्या वरदानांमुळेच वाचली. राहिलं वय. तिच्या ‘इन्फिनिटी’ नावाच्या शक्तीमुळे टाकलेला मंत्र ती स्वतः काढेपर्यंत चालूच राहतो. स्वतःच्या शरीराचा काळ तेवढा थांबवला, झालं.

आता तो आत्येभाऊ, म्हणजे दादा. तान्ह्या पोळ्याला आम्ही सगळे नागपूरच्या महाल भागात आत्याकडे जमतो. मारबत, म्हणजे मिरवून जाळतात तो बाईचा पुतळा, बघायची, जेवायचं, मग टीव्हीसमोर लोळायचं. त्या दिवशी हेच लावलं होतं. दादा म्हणे, “बे, राक्षसीणच आहे ते. बाईमाणसाले इतकी विद्या येते कुठून?”

म्हटलं, मग त्याच मालिकेतला योद्धा एस्कॅनॉर? त्याच्यापुढून पळायला गेलेला गॅलँड नावाचा राक्षस ‘खोटं वागेल तो दगड’ ह्या स्वतःच्याच आज्ञेनं दगड झाला. तोही माणूसच ना?

“त्याचं वेगळं आहे.”

काऊन वेगळं, ते काही सांगेना. मग मीही सोडलं नाही. सकाळी हाच गडी गर्दीत ओरडत होता, ‘इडा पिडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत!’ काळी मारबत १८८१ पासून निघते, आणि लोक सांगतात की इंग्रजांना मिळाली म्हणून ती बाकाबाईची. म्हणजे भोसल्यांच्या घरातली हाडामांसाची बाई. पुरुषांचेही पुतळे, बडगे, निघतात, नाही असं नाही, पण दरवर्षी नवे. जुना कोण होता हे पुढच्या पोळ्याला कुणाला आठवत नाही. बाईला मात्र एकदा राक्षसीण केली की सव्वाशे वर्षांवर तीच.

आत्या ओरडली, सणाच्या दिवशी कार्टूनवरून काय भांडता. पण भांडण कार्टूनचं नव्हतंच. वहिनीला बँकेत बढती मिळाली तेव्हाही ह्याचा पहिला प्रश्न होता, “तुलेच कशी काय भेटली?” तेव्हा सगळ्यांसमोर मी गप्प बसले होते. म्हणून सांगते, ही मालिका अशा माणसाशेजारी बसून बघूच नका.

हां, एस्कॅनॉरची शक्ती मुळात मायेल नावाच्या देवदूताची, हे खरं. आणि मर्लिन साधीभोळी आहे असंही माझं म्हणणं नाही. केऑस नावाच्या आदिम शक्तीसाठी ती सगळ्यांना वापरून घेते. स्वार्थी म्हणा, लबाड म्हणा. राक्षस आहे तो मालिकेचा नायक मेलिओडस, थेट राक्षसराजाचा मुलगा, आणि दादाच्या मोबाइलवर फोटो त्याचाच.