कोल्हापुरात आम्ही काही मित्रांना कॉलेजच्या मुलांना पैशाचे व्यवहार, धंदा आणि नोकरीची तयारी शिकवायची आहे. आमच्यात शिक्षक कोणीच नाही. सुरुवात कशी करावी?

शिक्षक कोणी नाही याची काळजी करू नका. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघतो आणि बरीच वर्षं शनिवारी कॉलेजच्या मुलांबरोबर हेच काम करतोय. मुलांना शिकवायला प्राध्यापक आहेतच. स्वतःचे कागद त्यांच्यापुढे उघडून बसणारा कमावता माणूस मात्र त्यांना सहसा भेटत नाही. म्हणून भाषण तयार करत बसू नका, कागद घेऊन जा. कुणी पगाराची स्लिप न्या, कुणी कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, कुणाचं दुकान असेल तर उधारीची वही.

पहिला तास पगाराच्या स्लिपवर घ्या, नाव-नंबर झाकून. वर्षाच्या पॅकेजच्या आकड्याला मुलं भुलतात. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के पीएफ कसा कापला जातो, मालकही तेवढाच भरतो, ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, 0.75 टक्के कशासाठी जातात, हे त्यांनाच हिशेब मांडून काढू द्या. शेवटी हातात किती पडले, एवढंच विचारा.

मग हप्ता. समजा 12,000 रुपयांचा मोबाईल 'फक्त 12 टक्के' फ्लॅट व्याजाने वर्षभरासाठी घेतला. व्याज 1,440, हप्ता 1,120. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पूर्ण 12,000 वरच लावलेलं असतं. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. हे गणित फळ्यावर सावकाश करा, घाई नको. गावाकडे शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले जातात, ते महिन्याला असतात, म्हणजे वर्षाला 36 टक्के. हे कळलं की वर्ग गप्प होतो, कारण बऱ्याच घरांत तसं कर्ज असतं. कुणाला घरचं बोलायला लावू नका.

आपल्याकडे पतसंस्था भरपूर, त्यामुळे एक गोष्ट सांगायलाच हवी. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. घरातली ठेवपावती नेमकी कुणाची आहे ते बघून या, एवढा गृहपाठ द्या. शेअर बाजाराचा विषय मुलंच काढतील. तेव्हा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा 2024 चा अभ्यास समोर ठेवा: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, व्यवहार केलेल्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते. आणि महिन्याला ठरलेले चार-पाच टक्के देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहायला सांगा.

धंदा मात्र करूनच शिकवावा लागतो. 1919 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ज्युनियर अचिव्हमेंटची पद्धत मला आवडते: मुलं छोटी कंपनी काढतात, ओळखीच्यांना शेअर विकून भांडवल उभं करतात, वस्तू विकतात आणि शेवटी भागधारकांना हिशेब देऊन कंपनी बंद करतात. आपल्याकडे कॉलेजचा स्टॉल लागतो, पण हा शेवटचा हिशेबच राहून जातो. उदाहरण म्हणून भडंगाची 100 पाकिटं 20 रुपयांनी विकली असं धरा. आले 2,000, सामान-गॅस-पिशव्यांचा खर्च 1,300. पोरं 'सातशे नफा' म्हणून नाचतात. चौघं मिळून वीस तास राबली असतील तर तासाला 35 रुपये पडले. स्वतःची मजुरी कुठं लिहिलीस, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

पहिलं गिऱ्हाईकही तुम्हीच व्हा. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा जातीपायी लोक तिथं चहाला जाईनात. शाहू महाराज स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले. सुरुवातीला माणसाला असा आधार लागतो, हे या गावाला कुणी नव्याने सांगायला नको.

नोकरीच्या तयारीत मुलाखतीचा सराव आधी मराठीतच घ्या. आपण काय केलं हे मराठीत धड सांगता आलं की इंग्रजी हळूहळू येतं. उद्यमनगर किंवा गोकुळ शिरगावचा एखादा कारखाना चालू पाळीत दाखवा आणि तिथल्या सुपरवायझरला बोलू द्या, मालकाला नंतर. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही, हे दर वेळी सांगा.

आता व्यवस्थेचं. एकच कॉलेज धरा, तिथल्या एनएसएस किंवा प्लेसमेंटच्या सरांना भेटा, वीस-पंचवीस मुलांचा एकच गट घ्या आणि सत्रभर तीच माणसं जा. एकदाच येऊन फोटो काढून जाणारे पाहुणे मुलांनी भरपूर बघितलेत. तास दुपारी ठेवा. राधानगरी, गगनबावड्याकडच्या मुलांची एसटी चुकली तर पुढच्या शनिवारी आधी मुली गळतात. आणि तुमच्यात कुणी विमा एजंट किंवा म्युच्युअल फंडवाला असेल तर त्याने शिकवावं जरूर, पण त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना पॉलिसी, एसआयपी, डीमॅट काहीही विकायचं नाही, हे पहिल्या तासाच्या आधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.