आधी खोलीतच काढ गं

अगं, मुंबईत नवी आलीस आणि स्वतःचेच फोटो काढायचे म्हणतेस, तर लगेच ट्रायपॉड घेऊन मरीन ड्राइव्हला पळू नकोस, पहिले 15-20 फोटो खोलीतच काढ. मी नाशिकहून दादरला आले तेव्हा पीजीत कॉटखालची बॅग 3 महिने पूर्ण उघडलीच नव्हती, शेवटी तिच्यातच पाय सोडून बसले आणि तोच माझा पहिला खरा फोटो. कॅमेरा स्टुलावर, टायमर 10 सेकंद, आणि जिथे बसणार तिथे उशी उभी करून तिच्यावर फोकस घे, मग फोकस मॅन्युअलला टाक म्हणजे तो हलणार नाही, नाहीतर तू धूसर आणि मागची भिंत शार्प. शटर 1 सेकंद उघडं ठेवून डोकं हळू हलवलंस की चेहरा पुसल्यासारखा येतो, नव्या शहरात वाटतं ना अगदी तसा, पण आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) 100 आणि संध्याकाळचा उजेड हवा. बाहेर रविवारी सकाळी फोर्ट भागात जा, गल्ल्या रिकाम्या असतात.